तिसरी फेरी

मी हवाई दलात आहे, हे आमच्या गावाने पहिली चार वर्षं मानलंच नाही. कुणी म्हणे, जालन्याला शिकायला गेलेलं पोरगं मुंबईत कुठल्यातरी भानगडीत अडकलं असणार आणि घरचे झाकतात. कुणी म्हणे, पलटणीत भाकऱ्या थापत असेल. एका चुलत चुलत्याने तर माझ्या आईला तोंडावरच विचारलं होतं, "वैनी, पोरगं खरंच जित्तं हाय ना?"

गावाचा मला राग आला नाही. मीही त्याच मातीतला. तीर्थपुरीपासून चार कोसांवर, गोदावरीच्या अंगाला आमचं गाव. ऐकलेल्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही तिथली रीत. बाजारातून आलेला शेजारी म्हणाला, की आज कापसाला बरा भाव आहे, तर ऐकणारा मान डोलावतो आणि मनात म्हणतो, ह्याला माझा कापूस आजच काहून विकायला लावायचाय? निजामाचं राज्य होतं. दप्तर उर्दूत, कचेरी उर्दूत, शाळाही उर्दूत. ज्या कागदावर अंगठा लावायचा तो स्वतःला वाचता येत नाही म्हटल्यावर माणूस संशयी होणार नाही तर काय होईल?

आणि आमचे वडील, आबा, म्हणजे तर या बाबतीत सगळ्या गावाचे गुरू. बैल घ्यायचा झाला की आधी सांगून बघायला जात, हात न लावता परत येत, आणि चार दिवसांनी न सांगता पुन्हा जात. "सांगून गेलं की बैल बी शहाण्यावानी वागतो," म्हणत. मी जालन्याला मॅट्रिक झालो तेव्हा निकालाचा उर्दू कागद त्यांनी तीन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घेतला. तिघांची आपसात ओळख नाही, याची आधी खात्री करून घेतली. तिघंही 'पास' म्हणाल्यावर मला म्हणाले, "मंग झाला असशील पास." शाबासकी एवढीच. मला ती भरपूर वाटली.

मी त्यांचाच मुलगा. उडायला शिकत होतो तेव्हा बरोबरची मुलं धाडसी म्हणून नावाजली गेली, मी शंकेखोर म्हणून. टाकीत तेल किती ते काटा सांगतो. मी काट्यावर विसंबायचो नाही. पंखावर चढून टाकीत काठी बुडवून बघायचो. कारागीर वैतागायचे, मित्र हसायचे. मग एके दिवशी आमच्यातला एकजण काट्याच्या भरवशावर गेला आणि नदीच्या वाळूत विमान उतरवून पायी परत आला, त्यानंतर कुणी हसलं नाही. पुढे तीस वर्षांच्या नोकरीत एकेक पायरी चढत मी एअर कमोडोर झालो. ते काही शौर्यामुळे नाही. ह्या माणसाला फसवता येत नाही, एवढीच माझी ख्याती होती.

ती ख्याती एका अहवालाने सुरू झाली. त्या अहवालाची खरी हकीकत मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

हवाई दलात गेलो तोही घरी न सांगता. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचे दिवस होते, मी औरंगाबादला इंटरला होतो. भरतीची जाहिरात वाचली आणि मनमाडची गाडी धरली. घरी विचारलं असतं तर आबांनी आधी विमान न सांगता बघून यायला सांगितलं असतं. निवड झाल्यावर पत्र टाकलं. लढाईत सैन्यातली पत्रं उघडून तपासली जात आणि जागांची नावं काळ्या शाईने मिटवली जात. घरी पोचली ती सगळी पत्रं अशी काळे पट्टे ओढलेली. गावाला आयताच पुरावा मिळाला. स्वतःच लिहायचं आणि स्वतःच काळं फासायचं, म्हणजे पोरगं काहीतरी लपवून राह्यलं! आबांनी मास्तरांकडून उत्तर लिहून घेतलं. त्यात दोनच वाक्यं होती. "इकडे सर्व खुशाल. तू खरे काय ते लिही."

लढाई संपल्यावर रजेवर आलो तेव्हा पुराव्यादाखल विमानाशेजारी उभा असलेला माझा फोटो आणला. पारावर तो हातोहात फिरला. एका म्हाताऱ्याने निकाल दिला, "जत्रंत बी आसं काढत्यात. पुठ्ठ्याचं इमान आस्तं, म्होरं हुभं ऱ्हायचं." आबांनी फोटो उन्हात धरला, मागून पाहिला, नखाने जरासा खरवडून पाहिला. मग मला शेतावर नेलं. बांधावर शेजारी बसवलं.

"वर गेल्यावर भ्या वाटत न्हाई?" त्यांनी विचारलं.

"वाटतं, आबा."

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग खरंच जात असशील," म्हणाले. मी 'नाही' म्हणालो असतो, तर त्यांनी जन्मभर विश्वास ठेवला नसता. त्या दिवशी घरी जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो घर येईपर्यंत काढला नाही. इतका आनंद मला पुढे कुठल्याही पदकाने दिलेला नाही.

पुढच्या वर्षी देश स्वतंत्र झाला आणि आमचं संस्थान बाहेर राहिलं. मी सरहद्दीच्या अलीकडे, घर पलीकडे. माझी नोकरी आता घरच्यांच्या गळ्याचा फास झाली. पोलीस ठाण्याचा अमीन, म्हणजे फौजदार, घोड्यावरून येई आणि अंगणात खाट टाकून बसे. "लडका किधर है तुम्हारा?" आबा सांगत, "बंबई में, साब. कपडे के मिल में." ज्यांनी चार वर्षं मला विमानवाला मानलं नव्हतं, त्या गावकऱ्यांनी आता एका सुरात साक्ष दिली की हे पोरगं गिरणीत साचे चालवतं. गावात हत्यारबंद टोळ्यांच्या बातम्या येत होत्या. कोण कुणाला काय सांगेल याचा नेम नव्हता. धाकट्या भावाने मला हे सगळं नंतर सांगितलं. तेव्हा मला काहीच कळत नव्हतं, कारण पत्रं बंद झाली होती.

सरहद्दीवर निर्वासितांच्या छावण्या पडल्या होत्या. सुट्टी मिळाली की मी तिथे जाई आणि आमच्या बाजूचं कुणी आलंय का विचारत फिरे. एकदा मंठ्याचा एक गुरांचा व्यापारी भेटला. आमच्या गावावरून आला होता. आबांचं नाव त्याला ठाऊक होतं, पण माझ्याकडे बघून तो जपून बोलायला लागला. अंगावर गणवेश होता ना माझ्या.

"समदे खुशाल हायती," म्हणाला. मग इकडे तिकडे बघून, "पर तुमच्या गावात खोदकाम चालू हाय."

"कसलं?"

"आता कसं सांगावं? कुणी म्हन्तं धान्य पुरून राह्यले. कुणी म्हन्तं बंदुका. म्या काय डोळ्यानं बघितलं न्हाई, मालक."

धान्य की बंदुका, आणि बंदुका असतील तर कुणाच्या? टोळीने गाव ताब्यात घेतलं असेल, की गावानेच टोळीशी लढायला हत्यारं आणली असतील? की या व्यापाऱ्यालाच कुणी मला हे सांगायला पाठवलं असेल? मी तळावर परतलो तो हे डोक्यात घेऊनच.

अठ्ठेचाळीस सालचा भाद्रपद. आपल्या फौजा संस्थानात शिरण्याच्या बेतात होत्या. एका दुपारी मला साहेबांच्या तंबूत बोलावणं आलं. टेबलावर विमानातून काढलेले मोठे फोटो पसरले होते. ते वाचणारा अधिकारी भिंग घेऊन वाकला होता.

"हे गाव ओळखतोस?"

ओळखायला मला भिंग लागलं नाही. गोदावरीकडे जाणारा रस्ता, पाराचा लिंब, आमच्या घराचं सपाट माळवद. जन्मलो ते घर फोटोत नखाएवढं दिसत होतं.

"माझं गाव आहे."

"म्हणूनच बोलावलं." साहेबांनी रस्त्यालगतच्या पांढऱ्या मातीत पेन्सिल टेकवली. तिथे गोल काळे ठिपके होते, साधारण एका ओळीत. "अकरा आहेत. तोफांचे खड्डे दिसतात. आपल्या गाड्या ह्याच रस्त्याने जाणार. खड्डे असतील तर गाड्यांच्या आधी आपल्याला ते साफ करावे लागतील."

'साफ करणं' म्हणजे काय ते मला समजावून सांगायची गरज नव्हती. ते काम आम्हीच करत होतो.

"साहेब, ही पेवं आहेत," मी म्हणालो.

दोघांनाही पेव ठाऊक नव्हतं. मी समजावून सांगितलं. आमच्याकडे ज्वारी जमिनीखाली ठेवतात. पांढऱ्या मातीत विहिरीसारखा खड्डा, तोंड लहान, पोट मोठं, दोन पुरुष खोल. आतून कडब्याचं अस्तर, वर दगडी फरशी आणि रानातली काळी माती, म्हणून वरून काळा ठिपका दिसतो. धान्य त्यात वर्षानुवर्षं टिकतं. उघडल्यावर मात्र लगेच कुणी आत उतरत नाही. आत वाईट हवा कोंडलेली असते, माणूस दोन-चार श्वासांत आडवा होतो. दोन दिवस तोंड उघडं टाकायचं आणि मगच कमरेला दोर बांधून उतरायचं. साहेबांनी हे सगळं लक्ष देऊन ऐकलं. मी माझ्या तोंडाने सांगितलं, शब्द न् शब्द.

"तुमच्या गावात अशी पेवं किती?"

इथे मी 'अकरा' म्हणालो असतो तर गोष्ट संपली होती. साहेबांनी मानलं असतं. पण लहानपणापासून मोजलेली पेवं सात होती. दोन आमची, तीन पाटलांची, दोन वरच्या आळीची. बाकीचे चार ठिपके नवे होते. व्यापाऱ्याचे शब्द माझ्या कानात होते. त्या चारांत तोफा निघाल्या तर? रस्त्याने येणारी आपली माणसं उद्या माझ्या शब्दावर मरतील. आणि नाही निघाल्या तर माझ्या शब्दावर माझं गाव मरेल.

"सात पेवं आहेत," मी म्हणालो. "चारांचं मला माहीत नाही."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. सज्जन माणूस, पण त्या क्षणी त्यांच्या नजरेत तेच होतं जे आबांनी अमिनाच्या नजरेत पाहिलं असेल. "तुझं गाव आहे म्हणून तुला विचारतोय," ते म्हणाले, "आणि तुझं गाव आहे म्हणूनच नुसत्या तुझ्या शब्दावर जाता येत नाही."

"मी जाऊन बघून येतो. खालून उडतो. तोफा असतील तर दिसतीलच."

"दिसतील म्हणजे तुझ्यावरच चालतील."

"चालल्या तर उत्तर मिळालंच, साहेब."

ते थोडं हसले आणि परवानगी दिली. आत एकच माणूस बसतो असलं ते विमान होतं. जे काही बघायचं ते मलाच बघायचं होतं आणि जे सांगायचं तेही मलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं चढल्यावर निघालो. गोदावरी दुथडी भरलेली, गढूळ. तीर्थपुरीचा बाजार रिकामा दिसला. पिकं मात्र छान होती, ज्वारी पोटरीला आलेली. मी इतका घाबरलेलो होतो की पिकांकडे बघून स्वतःला आवरत होतो. तोफांची नव्हती ती भीती. तोफा निघतील आणि मला परत जाऊन ते सांगावं लागेल, ही भीती होती.

पहिली फेरी जरा उंचावरून मारली. माणसं अंगणात, पारावर उभी राहून वर बघत होती. खड्डे दिसले, पण पुरते नाही. वळून दुसरी फेरी मारली ती झाडांच्या शेंड्यांवरून. आता माणसं पळाली. आणि पळाली ती कुठे? त्या खड्ड्यांकडे. लुगडी, धोतरं, कडेवरची पोरं, सगळी त्या नव्या चार खड्ड्यांत भराभर उतरत होती. तोफ नाही, बंदूक नाही, काही नाही. लपायला खणलेले खड्डे होते ते! एक माणूस मध्ये उभा राहून हातवारे करत प्रत्येकाला कुठे जायचं ते दाखवत होता. त्याच्या डोक्यावर जांभळं पागोटं होतं. तसलं पागोटं पंचक्रोशीत एकच होतं. आबा!

म्हणजे आबा जिवंत होते, गाव जागेवर होतं आणि माझा संशय खोटा ठरला होता. मी वर उठून वळण घेतलं. मान वळवून पाहिलं तर बहुतेक माणसं आत गेली होती आणि जांभळं पागोटं जुन्या एका पेवाच्या तोंडाशी वाकलं होतं. दोघं-तिघं जवळ उभे होते. मग पागोटं आत गेलं. आबाही लपले, मला वाटलं.

काम झालं होतं. तिथूनच परत फिरायचं होतं. पण मी तिसरी फेरी मारली.

ती फेरी कामाची नव्हती. पंख दोन्हीकडे हलवून रामराम घालायची आम्हा वैमानिकांची पद्धत असते. मला आबांना सांगायचं होतं की मी आहे. त्यांनी फोटो खरवडून पाहिला होता ना? आता खरं विमान दाखवायचं होतं. मी आजवर उडलो नव्हतो इतका खाली आलो, बरोबर त्या पेवांच्या ओळीवरून. पंख हलवले, उजवा, डावा, पुन्हा उजवा. पेवाजवळची माणसं जमिनीवर पालथी पडलेली दिसली. मला हसू आलं. आता घरी गेलो की ह्यांना चिडवीन, असं मनात म्हणत मी तळाकडे वळलो.

उतरल्याबरोबर अहवाल लिहिला. 'संशयित खड्डे अकरा. पैकी सात धान्याची पेवं, चार नागरिकांनी आसऱ्यासाठी खणलेले. माणसं आत उतरताना प्रत्यक्ष पाहिली. शस्त्र नाही. मारा करण्याचं कारण नाही.' साहेबांनी वाचून माझ्या पाठीवर थाप मारली. आपल्या गाड्या त्या रस्त्याने गेल्या. एक गोळी सुटली नाही. त्या अहवालावर 'अचूक निरीक्षण' असा शेरा पडला आणि तो माझ्या नोकरीच्या कागदांत कायमचा राहिला.

चार-पाच दिवसांत सगळं आटोपलं. मला रजा मिळाली. जालन्यापर्यंत लष्कराच्या ट्रकमधून आणि पुढे बैलगाडीने घरी पोचलो. वाटेत ज्या गावांतून गेलो तिथे लोक गणवेश बघून हार घालत होते. आमच्या गावच्या शिवेवर मात्र कुणी पुढे आलं नाही. माणसं मला बघून खाली बघत होती. घरात शिरलो तर माय भिंतीला टेकून बसली होती, कपाळ मोकळं.

धाकट्या भावाने मला पेवाकडे नेलं. घरात माणसं होती, त्याला तिथे बोलायचं नव्हतं. पेवाच्या तोंडावर फरशी होती, तिच्यावर ताजी माती. तो उभ्यानेच सांगू लागला.

नवे चार खड्डे आबांनीच खणून घेतले होते, बायका-पोरांना टोळ्यांपासून लपवायला. रुंद तोंडाचे, कोरडे, मोकळ्या हवेचे. गावाला त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं होतं, की लपायचं ते ह्या चारांतच. जुन्या पेवांच्या जवळ जायचं नाही. गावकऱ्यांना ते ठाऊकच होतं. पण त्या आठवड्यात एक धनगर मेंढरं घेऊन शिवारात उतरला होता. त्याची म्हातारी आई त्या दिवशी गावात आलेली. रानात पाल टाकून राहणारं माणूस, त्यांच्यात पेव नसतं. विमान डोक्यावरून गेलं तेव्हा तिला जवळ जो खड्डा दिसला त्यात ती उतरली. आमचं जुनं पेव होतं ते, ज्वारी काढायला आदल्याच दिवशी फरशी सरकवलेलं.

"आबानं पाह्यलं," भाऊ म्हणाला. "इमान वळाया गेल्तं. आबा म्हनले, जल्दी दोर आना. दोर कमरंला बांदला आन् गेले खाली. म्या म्हनलं, आबा, मी जातो. म्हनले, तू वर ऱ्हा, तू दोर धर. म्हातारीला त्यायनं खांद्यावरून वर ढकललं. दोघांनी तिला वढली. ती जित्ती हाय. मंग म्या आबाला वढाया लागलो. निम्म्यात आल्ते दादा, पागोटं दिसाया लागल्तं. तेवढ्यात इमान आलं. आसं खाली आलं की आता डोस्क्यावरच पडतंय. पंख हलवून राह्यलं, जसं काय निशाना धरून राह्यलं. समदे पालथे पडले. म्या..."

त्याने आपले दोन्ही तळहात माझ्यापुढे उघडे केले. दोर घसरल्याचे चट्टे होते.

"म्या दोर सोडला, दादा."

नंतरचं त्याने तुटक सांगितलं. दोर आबांबरोबर आत गेला होता. भाऊ उडी टाकायला निघाला, लोकांनी धरून ठेवला. सुपांनी, घोंगड्यांनी वारा घालून हवा काढेपर्यंत फार वेळ गेला.

मी उभा होतो. सांगायचं असेल तर ते तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलंही, पण जे निघालं ते असं, "तुझा दोष न्हाई."

"मंग कुणाचा?"

"त्या इमानवाल्याचा."

भावाने मान हलवली. "त्याला काय ठाऊक, दादा? त्याचं काय आपल्या आबाशी वैर व्हतं? वरून त्याला काय दिसावं? दोर माझ्या हातात व्हता."

इतक्या संशयी गावात जन्मलेल्या माझ्या भावाने विमानवाल्याला मोकळं सोडलं होतं. त्याच्या जागी आबा असते तर विचारलं असतं, दोन फेऱ्यांत काम झालं होतं ना, मग तिसरी काहून? ते विचारायला आबा नव्हते. मी भावाच्या पाठीवर हात ठेवला आणि आम्ही घरी आलो.

त्या दिवशी मायने जेवायला वाढलं. चुलीपुढे आम्ही दोघं भाऊ आणि ती. भाकरी माझ्या ताटात टाकता टाकता तिने विचारलं, "त्या रोजी तू कुठं व्हतास रं?"

"पुण्याला," मी म्हणालो. "मला पाठवलंच न्हाई, माय."

तिने पुन्हा विचारलं नाही. मी तीन दिवस राहिलो आणि नोकरीवर गेलो. नंतर बढत्या होत गेल्या, दिल्ली झाली, परदेश झाला. गावाने सत्कार केले तेव्हा भावाने फेटा बांधून मला स्टेजवर चढवलं. त्याने घरची विहीर भावकीत देऊन टाकली होती, दोर हातात धरवत नाही म्हणून. नांगर धरायचा, पेरणी करायचा, पण दावं सोडायचं असलं तर बायकोला हाक मारायचा. लोकांना वाटे, तऱ्हेवाईक आहे. मला कारण ठाऊक होतं, आणि दर रजेत मी ठरवून जायचो की ह्या खेपेला सांगायचं.

माय त्यानंतर वीस वर्षं जगली. जेवताना कधीतरी भावाचा घास हातातच राहायचा, आणि ती म्हणायची, "खा रं बाबा, तुझा गुन्हा न्हाई त्यो." भावाला ती असं शेकडो वेळा म्हणाली असेल. म्हणताना तिची नजर मात्र माझ्यावर असायची, आणि मी खाली मान घालून जेवत राहायचो.